आईचा व्यवसाय

यान्बू (सौदी अरेबिया), ९ मे

प्रिय चित्रा,

हे पत्र तुला यूनुसभाईंच्या बॅगेतून मिळेल. त्याला खजुराचा आणि कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याला लावायच्या मलमाचा वास येत असेल, तर दोष माझा नाही. राजिवड्याचे यूनुसभाई सुट्टीवर निघाले की यान्बूतल्या प्रत्येक कोकणी घरातून एकेक पिशवी त्यांच्याकडे पोचते आणि ते बिचारे स्वतःचे कपडे हातात घेऊन विमानात चढतात. मी नुसतं पाकीट दिलं तेव्हा त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. 'पत्र? व्हॉट्सॲप बंद पडला काय तुमचा?' म्हटलं, भाई, व्हॉट्सॲपवर समोरची बाई दर वाक्याला 'अगं पण' म्हणते. कागदावर ती गप्प असते. आठवीत संस्कृतच्या तासाला एका बाकावर बसलो तेव्हापासून तू मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस, चित्रे. आता ही चार पानं सलग ऐक.

मार्चपासून तुझे सहा निरोप आले आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. कामात होते असं लिहिलं असतं, पण काम नाही हेच तर सगळं रडगाणं आहे. रागावले होते, हे खरं कारण. तू आपल्याच शाळेची मुख्याध्यापिका झालीस तेव्हा इथे मी बिर्याणी केली होती. त्या बिर्याणीची शपथ घेऊन सांगते, मी तुझ्याकडे आधी कधीच काही मागितलं नव्हतं. मार्चमध्ये पहिल्यांदा मागितलं. एका ओळीचं प्रमाणपत्र: सुरैया अमुकतमुक या आमच्या शाळेत शिकवतात. तुझा शिक्का, तुझी सही. तू फोनवर म्हणालीस, 'सुरैया, ते मला जमणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.' मी म्हटलं, छे गं. फोन ठेवला आणि खजुराच्या बिस्किटांचा अख्खा पुडा उभ्याउभ्या संपवला.

तेव्हा फोनवर मी सगळं नीट सांगितलं नव्हतं, आता सांगते. अकरा वर्षं मी इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवलं. संस्कृतची एम.ए. बाई हिंदी शिकवते यात कुणाला गैर वाटलं नाही, मलाही नाही. जहाज सापडलं नाही तर माणूस होडीत बसतोच. मग नवा नियम आला की बी.एड. नसलेल्यांना परवाना नाही. दोन वर्षांची मुदत दिली होती, म्हणून मी पंचेचाळिसाव्या वर्षी दूरशिक्षणाने अर्धवेळ बी.एड.ला प्रवेश घेतला. पहिलं वर्ष पास झाले. दुसऱ्या वर्षाला सुरुवात झाली आणि शाळेने मुदत संपायची वाट न पाहता दोन तुकड्या कमी केल्या, त्यात मी गेले. निरोपसमारंभात भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या बाईला आता वेळच वेळ आहे तिला घड्याळ. इथवर ठीक. पण बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची अट अशी की विद्यार्थी कुठल्या तरी शाळेत नोकरीला असला पाहिजे, तसं मुख्याध्यापकांचं पत्र हवं. म्हणजे बी.एड. नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून बी.एड. नाही. संस्कृतच्या आगाशेबाईंनी आपल्याला न्यायशास्त्रातले दोष शिकवताना अन्योन्याश्रयाचं उदाहरण दिलं होतं ते मला कधी पटलं नव्हतं, फार ओढूनताणून वाटायचं. बाई हयात असत्या तर त्यांना हे पाठवलं असतं.

अरवाबद्दल विचारलं होतंस. चौदाची झाली, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. गफूर मस्कतला असतो, नव्या बायकोसह, नव्या मुलासह. ईदला एक फुलांचं चित्र पाठवतो, तेही सगळ्या ग्रुपला पाठवलेलं. आमचा घटस्फोट झाला तेव्हा माझं नशीब एवढंच की माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या कार्डावर, मेहना, म्हणजे पेशा, 'शिक्षिका' असा होता. इथे परदेशी माणसाचं आयुष्य त्या एका शब्दावर उभं असतं. शिक्षिकेला मूल आपल्या नावावर ठेवता येतं. इतर कित्येक पेशांना येत नाही. म्हणून सहा वर्षं अरवा माझ्या नावाखाली, माझ्या कार्डावर, माझ्या खोलीत वाढली. एकटीने वाढवणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही असं नाही, तूही तुझ्या आईला एकटीच सांभाळतेस. पण तुझी आई तुला 'व्हॉटेव्हर, अम्मी' म्हणत नसेल.

बी.एड.ला मला एक गृहपाठ होता: एकल पालकत्वाचा बालकाच्या अध्ययनावर होणारा परिणाम. मी स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर वही ठेवून उभ्याने लिहायचे, कारण टेबल अरवाच्या सायन्स प्रोजेक्टने व्यापलेलं असायचं. 'अशा बालकात असुरक्षिततेची भावना, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव आढळतो' असं पुस्तकातून उतरवत होते आणि मागून ती उभी. मराठी तिला अडखळत वाचता येतं. सगळं वाचून म्हणाली, 'अम्मी, इज दिस मी?' म्हटलं, नाही, हे पुस्तकातलं मूल आहे. 'मग त्याच्या अम्मीला कुणी विचारलं का, तिच्यात काय आढळतं?' मला त्या गृहपाठात चांगले गुण मिळाले. परीक्षकाने शेजारी लिहिलं होतं, 'स्वानुभवाची जोड हवी होती.'

तर मार्चमध्ये शाळेतली नोकरी सुटली. इथल्या नियमाने नवा कफील, म्हणजे आपली हमी घेणारा मालक, शोधायला ठरावीक दिवस मिळतात, नाहीतर खलास, सामान बांधा. बेकार झालेल्या परदेशी बाईला इथे भत्ता वगैरे काही नसतो. तो नागरिकांसाठी असतो, आणि तो असावा यात मला काही म्हणायचं नाही. उलट त्या भत्त्यावरच माझे दोन महिने गेले. कसे, ते सांगते. हसशील.

मागल्या गल्लीत उम्म उसामा राहते. उसामाची आई, म्हणून उम्म उसामा. इथे बायका थोरल्या मुलाच्या नावाने ओळखल्या जातात, तिचं स्वतःचं नाव मला चार महिन्यांनी कळलं. चौतीस वर्षांची, घटस्फोटित, तीन मुलं, भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. तिच्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवायचे. तिला सरकारचा बेकारभत्ता चालू होता, आणि त्याबरोबर ती घरून अर्धवेळ कॉलेज करत होती. म्हणजे बघ, एका गल्लीत दोन बायका: दोघींना नवरा नाही, दोघींना नोकरी नाही, दोघींची परीक्षा जवळ आलेली. फरक एवढाच की तिच्या पाठीशी देश होता. पण त्या भत्त्याला अटी होत्या. दर आठवड्याला मोबाइलवर हजेरी लावायची, आणि नोकरीसाठी सक्षम होण्याचे ऑनलाइन पाठ पुरे करायचे. पाठ म्हणजे व्हिडिओ, व्हिडिओनंतर प्रश्न. वेळेत केले नाहीत तर भत्ता कापला जायचा. तीन मुलं, कॉलेजचे पेपर आणि वर हे. एके दिवशी ती मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाली, 'अबला सुरैया, तू आता रिकामीच आहेस ना, यल्ला, एवढं करून दे.' अबला म्हणजे बाई, शिक्षिका. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ काय ते तिला सांगितलं नाही. त्या दिवशी दोन्ही अर्थ बरोबर होते.

मी दिलं करून. रोज दुपारी बसून एका बेकार बाईच्या नावाने दुसरी बेकार बाई नोकरी कशी मिळवावी ते शिकू लागली. मोबदला म्हणून घरी पातेलंभर कब्सा, म्हणजे इथला मटणाचा पुलाव, यायचा. अरबी जिथे अडायचं तिथे अरवा मदत करायची, तिला शाळेत अरबी आहे आणि माझ्याहून चांगलं येतं. आम्ही मायलेकींनी मिळून ग्राहकसेवा पुरी केली, वेळेचं नियोजन पुरं केलं, मुलाखतीत आत्मविश्वास कसा दाखवावा हेही पुरं केलं. प्रत्येकाचं प्रमाणपत्र, हिरवी किनार, खाली उम्म उसामाचं खरं नाव. अरवा म्हणाली, 'अम्मी, यू आर सो क्वालिफाइड. तुम नहीं, वो.'

मग एक पाठ आला, कामाच्या जागी प्रामाणिकपणा. प्रश्न असा: तुमच्या सहकाऱ्याने त्याच्या नावाने तुम्हाला हजेरी लावायला सांगितली, तर तुम्ही काय कराल? चार पर्याय. मी पुन्हा वाचला. अरवाने पुन्हा वाचला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी बोट टेकवलं: नम्रपणे नकार देईन. उत्तर बरोबर आलं, स्क्रीनवर कागदाचे रंगीत तुकडे उडाले, शंभर टक्के. अरवा खो खो हसत सुटली. मीही हसले. मग भांडी घासायला गेले आणि नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिले, कारण 'नम्रपणे नकार' हे शब्द मी वाचले तुझ्या आवाजात.

तुला पाठांतराची स्पर्धा आठवते? जिल्ह्याची, नववीतली. तू पहिली आली होतीस, मी दुसरी. पेला तुझ्या हातात पडणार तेवढ्यात तू म्हणालीस, 'सर, पण तिसऱ्या श्लोकाला बाईंनी मला पहिला शब्द सांगितला होता.' आगाशेबाईंचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षकांना तर काय करावं कळेना. शेवटी पेला मला दिला. देताना त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं आणि दुसऱ्यांदा विचारताना जरा हसले. मुसलमानाच्या मुलीने संस्कृतात पहिलं येणं हा त्यांना चमत्कार वाटला की अपघात, देव जाणे. घरी अब्बांनी तो पेला कपाटावर ठेवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. मी मात्र तुझ्याशी महिनाभर नीट बोलले नाही. तुझ्या खरेपणाने मिळालेलं बक्षीस मला नको होतं. बत्तीस वर्षांनी, मार्चमध्ये, तुझ्याच खरेपणाने माझं बी.एड. गेलं. तेव्हा मनात म्हटलं, ही बाई देतानाही छळते आणि न देतानाही.

पुढचं ऐक, कारण इथे गोष्ट फिरते. एप्रिलच्या शेवटी उम्म उसामाला नोकरी लागली. एका दवाखान्यात स्वागतकक्षावर. मुलाखतीत त्यांनी तिच्या प्रमाणपत्रांची जाडी पाहून कौतुक केलं म्हणे. ती नाचत आली, माझे दोन्ही गाल चुंबले, म्हणाली, 'हे तुझं यश आहे.' शब्दशः खरं होतं. मग बसली, कहवा घेतला, आणि म्हणाली, आता दिवसभर मी बाहेर, तर मुलांना कोण पाहणार? घरात कामाला असलेली इंडोनेशियाची बाई गेल्या वर्षी परत गेली, तिच्या जागेचा व्हिसा रिकामा आहे. भाऊ तुझा कफील व्हायला तयार आहे. तू मुलांचा अभ्यास घे, जेवण बघ, घर बघ. तुला मी नोकर मानेन का? मी मान हलवली. मानणार नाही, हे मला ठाऊक आहे. ती मनाने चांगली बाई आहे, आणि हेच वाईट आहे, कारण चांगल्या माणसावर रागावताही येत नाही. मी तिला नोकरी मिळवून दिली आणि तिच्या नोकरीने मला. एवढा चोख कार्यकारणभाव मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही.

भावाने मोबाइलवर अर्ज उघडून दाखवला. पेशाच्या रकान्यात आधीच भरलेलं होतं: आमिला मंझिलिया. मी विचारलं, मुलांना शिकवणारी असं काही लिहिता येणार नाही? तो बिचारा खरंच ओशाळला. म्हणाला, व्हिसा त्याच नावाचा आहे, बाई, मी काय करू. मी घरी येऊन ते शब्द कागदावर लिहिले. कानाला गोड लागतात. अरवाने वाचलं. म्हणाली, 'इट सेज हाउस वर्कर.' मग, 'बट अम्मी, यू हेट डिशेस.' मी म्हटलं, हो, पण ती मला हेट करत नाहीत. ती हसली नाही. हुशार मुलगी आहे, नियम तिलाही माहीत होता. विचारलं, 'सो व्हेअर डू आय गो?' घरकामगाराच्या कार्डावर मूल बसत नाही, चित्रे.

तू आत्ता म्हणते आहेस, अगं पण मग परत ये ना. कुठे? राजिवड्याचं घर मोहियुद्दीनने भाड्याने दिलं. भाऊ म्हणून तो वाईट नाही, पण मुंब्र्याला दोन खोल्यांत सासूसकट सहा माणसं आहेत, तिथे मी आणि अरवा म्हणजे भांडणाची सोय. रत्नागिरीत सेहेचाळीस वर्षांच्या, बी.एड. नसलेल्या संस्कृतच्या बाईला कोण उभं करील? तू करू शकत नाहीस, नियम मला तुझ्याइतकेच ठाऊक आहेत. आणि एक लाजेची गोष्ट. सतरा वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा बंदरावरच्या बायकांना सांगितलं होतं की परत येईन ती स्वतःच्या गाडीतून उतरेन. आता तिथे मला फार तर शिवणाचा वर्ग मिळेल, आणि त्यात बसून पोरींना मशीन शिकवताना मला त्या बायकांसमोर यायचं नाही. उम्म उसामाची भांडी परवडली, तिथे मला कुणी ओळखत नाही. हा गर्व आहे, कबूल. इतक्या वर्षांत तेवढाच टिकून राहिलाय.

तर आता खरं काम. आम्ही दोघी चार जूनला उतरतो. मुंबईत माझ्या नव्या व्हिसाला महिना-दीड महिना लागेल, मग मी एकटी परत जाईन. अरवाला दहावी होईपर्यंत, दोन वर्षं, तुझ्याकडे, तुझ्याच शाळेत ठेवशील का? तिच्या खर्चाचं मी पाहीन, त्यावर वाद घालू नकोस. ती रोजे ठेवते, पहाटे सहरीच्या जेवणाला उठवावं लागतं, गजर तिला ऐकू येत नाही. मासे जीव की प्राण, पण तुझ्या आईसमोर मागणार नाही, सांगून ठेवलंय. चिडली की इंग्रजीत बोलते, घाबरली की हिंदीत, आणि मराठीत बोलली तर समज की तिचं तुझ्याशी जमलं. हे मी आधी लिहून पाठवते आहे ते अशासाठी की तुला विचार करायला दिवस मिळावेत आणि नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हणावं लागू नये. तुला नाही म्हणता येतं. ज्या बाईला नाही म्हणता येत नाही, तिच्या 'हो'वर मी माझी मुलगी सोडणार नाही. दोन महिने धुमसून एवढंच शहाणपण हाती लागलं. शाळेच्या प्रवेश अर्जात 'आईचा व्यवसाय' असा रकाना असतो. तिथे तू काय लिहायला लावशील ते मला माहीत आहे, आणि मी तेच लिहीन, घरकाम, आणि खाली सही करीन. पण पहिल्या दिवशी वर्गात कुणी विचारलं की तुझी आई काय करते, तर अरवा सांगणार आहे, टीचर आहे. तिने मला तसं बजावलंय आणि मी तिला अडवलेलं नाही. तू तेव्हा दाराशी उभी असशील. नवी मुलगी वर्गात आली की तू डोकावल्याशिवाय राहणार नाहीस. चित्रे, एकदाच, त्या एका वेळी, 'अगं पण' म्हणू नकोस.

तुझ्याच बाकावरची, तुझीच
सुरैया